पॅनमनचे टोमॅटो

वृषालीला डोहाळे लागले ते टोमॅटोचे. आता टोमॅटो म्हणजे काही वाघिणीचं दूध नव्हे. बारामतीच्या मंडईत ढिगानं पडलेले असतात. सावळारामनं पिशवी भरून आणले. लालभडक, एकसारखे, जणू साच्यातून काढलेले. वृषालीनं स्वतःच्या हातानं कालवण केलं, पहिला घास घेतला आणि ताट बाजूला सारलं.

"काय झालं गं?"

"आबा, ह्याला आंबटपणाच न्हाय. नुसतं लाल पाणी."

"मग चिंच टाक की थोडी."

"चिंच नको. आईच्या टंबाट्याचं पायजे."

 सावळारामची बायको रंगूबाई जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. पोरीचं लग्न तिनं पाहिलं, नातवंडाची चाहूल मात्र तिच्या कानावर आली नाही. आणि तिचे टोमॅटो, ते तर तिच्याबरोबरच गेले होते. भवानीनगरच्या कामगार चाळीत, खोलीच्या मागं, धुण्याच्या दगडाशेजारी तिचा एक एवढासा वाफा होता. तिथं आता फुटक्या कौलांचा ढीग पडला होता.

ही शहाण्णव सालातली गोष्ट. दिवाळी होती आणि साखर कारखान्याचं गाळप नुकतंच सुरू झालं होतं. वृषालीचा नवरा संदेश लोणी देवकरला एका कंपनीत कामाला, घर इंदापुरात. दोन दिवस सवड काढून तो बायकोला माहेरी घेऊन आला होता. जायच्या दिवशी संदेश एसटीची वेळ बघायला नाक्यावर गेला, तेव्हा वृषाली उंबऱ्यावर बसून पदराशी चाळा करत म्हणाली, "आबा, आत्याबाई म्हणत्यात, बाळंतपण इंदापूरलाच करायचं."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, कुशाबाई.

"का? पयलं बाळंतपण माहेरी असतं."

"त्या म्हणत्यात, माहेरी हाय कोण? घरात बाईमाणूस न्हाय. आबा कारखान्यात पाळीला गेलं की पोरीला पाणी कोण देणार?"

 खोटं काय होतं त्यात? वृषालीचे डोळे भरले. ती म्हणाली, "म्हंजी आई गेली तवाच माझं माहेर बी गेलं म्हणायचं."

हे वाक्य सावळारामच्या काळजात रुतलं. संदेश परत आला तेव्हा त्यानं जावयाला बाजूला घेतलं. "पाव्हणं, तुमच्या आईला माझा निरोप द्या. सातव्या म्हैन्यात डोहाळजेवण मी घालणार. हितं, ह्या घरात. त्यांनी बी यावं, घर बघावं. मग बाळंतपणाचं काय ते ठरवू."

चार दिवसांनी चाळीतल्या किराणा दुकानातल्या फोनवर संदेशचा निरोप आला. आई येणार आहे. जेवण तिकडं होऊ द्या, बाकीचं डोळ्यांनी बघून सांगीन, असं म्हणालीय.

झालं. सावळारामनं मनाशी गाठ बांधली. विहीणबाई येतील त्या दिवशी मागच्या वाफ्यात रंगूबाईचे टोमॅटो लालेलाल लागलेले असले पाहिजेत. त्यांनी बघितलं पाहिजे, की हे घर अजून जितं आहे.

आता गंमत अशी, की ह्या माणसानं जन्मात एक रोप लावलेलं नव्हतं. चुलत्याबरोबर कारखान्यात खलाशी, म्हणजे हरकाम्या, म्हणून चिकटला आणि चढत चढत पॅनमन झाला. पॅनमन म्हणजे पाक शिजवून साखरेचा दाणा धरवणारा माणूस. भल्यामोठ्या भांड्यात पाक रटरटत असतो, त्यातला थोडा काचेवर घ्यायचा, उजेडाला धरायचा आणि दाणा कुठवर आलाय ते ओळखायचं. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण मातीशी संबंध म्हणाल, तर बुटाला लागेल तेवढाच.

रंगूबाईचा वाफा त्यानं रोज पाहिला होता आणि कधीच पाहिला नव्हता. सकाळपाळीवरून आला की ती मागं काहीतरी करत असायची. कधी काड्या रोवायची, कधी चिंध्यांनी फांद्या बांधायची. गाळपाच्या दिवसांत चिमणीतून काजळी उडायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या हंड्यात, भाकरीच्या पिठात, सगळीकडे काळे बारीक कण. तेव्हा ती टोमॅटोच्या रोपांवर जुनं लुगडं ताणून बांधायची. तो हसायचा. "रंगे, टंबाट्याला बी पडदा लावलास व्हय? लाजत्यात का काय ती?" ती म्हणायची, "तुमच्या कारखान्याची काळी दिष्ट लागती माझ्या लेकरांस्नी."

एवढंच. लुगडं किती उंच बांधायची, बी कधी टाकायची, पाणी किती घालायची, त्यानं कधी विचारलं नाही. कालवण मात्र वाट्या वाट्या प्याला.

बी होतं, हे एक नशीब. रंगूबाईची सवय होती, पिकलेलं चांगलं टोमॅटो फोडायचं, बी राखेत चोळायचं, सावलीत वाळवायचं आणि चिंधीत गाठ मारून मिठाच्या रिकाम्या बरणीत ठेवायचं. बरणी फळीवर तशीच होती. गाठ सोडली तर राखाडी रंगाच्या चिमूटभर चपट्या बिया निघाल्या. सावळारामनं त्या हातावर घेतल्या, खिडकीशी जाऊन उजेडाला धरल्या. सवयच ती. साखरेच्या दाण्यासारख्या. हसू आलं त्याला.

आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. त्याच्या मनानं घेतलं, की दाणा म्हणजे दाणा. साखरेचा काय अन् टोमॅटोचा काय, गरमीशिवाय धरत नाही. वर थंडी पडायला लागलेली. मग खत कोणतं घालावं? तर रस गाळून झाला की कारखान्यात काळा मऊ चोथा उरतो, त्याला प्रेसमड म्हणतात. उसाला ते खत एक नंबर. बागायतदार ट्रॉल्या भरभरून न्यायचे, हे तो इतकी वर्षं डोळ्यांनी बघत होता. तो चोथा बाहेर पडतो तेव्हा त्याच्यातून वाफा निघत असतात. सावळारामला वाटलं, ह्याच्यापरीस चांगलं काय? खत बी झालं अन् ऊब बी झाली.

त्यानं घमेलंभर ताजा प्रेसमड आणला. तेलाचे दोन रिकामे पत्र्याचे डबे घेतले, गळ्यापर्यंत भरले, वरून बी पसरलं आणि बोटानं आत ढकललं. गोणपाट झाकलं. भरपूर पाणी ओतलं. उसाला पाणी लागतं, मग ह्याला का नाही?

पॅनवर त्याच्या हाताखाली गेणू नावाचा माणूस होता. काम थोडं, तोंड मोठं. पण मनानं स्वच्छ. तो डब्यांची हकीकत ऐकून म्हणाला, "पॅनमन, टंबाट्याची साखर काढताय का काय?"

"तुला काय कळतंय. दाणा धरायला गरमी लागती."

"व्हय व्हय. मग वाफेचा नळच जोडा की डब्याला. शिफ्टमधी तीन फळं निघतील."

आठवडा गेला. रोज पाळीवरून आला की सावळाराम आधी गोणपाट उचलायचा, मग बूट काढायचा. एक दिवस पांढऱ्या दोऱ्यासारखे दोन-चार कोंब दिसले. त्याला इतका आनंद झाला, की चाळीत चार घरी सांगून आला. दुसऱ्या दिवशी ते कोंब आडवे झालेले. तिसऱ्या दिवशी काळे. त्यानं डब्यात हात घातला. प्रेसमड अजून आतून कोमट होता, तापानं फणफणलेल्या लेकराच्या अंगासारखा. वास मारत होता. बोटानं उकरलं तर बाकीचं बी मऊ होऊन कुजलेलं.

चिंधी त्यानं पुन्हा झटकली. एक दाणा निघाला नाही.

दोन दिवस तो पाळीवरून आला की डब्यांकडे न बघता आत जायचा. पॅनवर गेणूनंसुद्धा थट्टा केली नाही, म्हणजे बघा. तिसऱ्या दिवशी पॅनवर उभ्या उभ्या त्याला आठवलं. रंगूबाई दरसाल ह्या बियांची एक चिंधी काटेवाडीला न्यायची. शालनकडे.

शालन काटेवाडीच्या बागायतदाराची बायको. लग्न होऊन आल्यापासून रंगूबाई तिच्या रानात खुरपायला जायची. दोघी एका वयाच्या, एका वर्षी सासरी आलेल्या. एक बांधाच्या अलीकडची, एक पलीकडची, पण दुपारची भाकरी दोघी लिंबाखाली बसून खायच्या. पुढं सावळाराम पॅनमन झाला आणि त्यानं बायकोला सांगितलं, "आता दुसऱ्याच्या रानात खुरपं घेऊन जायचं न्हाय. आपुन आता पगारी माणसं." रंगूबाईनं खुरपं ठेवलं, पण जायची राहिली नाही. "खुरपायला न्हाय जात, भयणीला भेटायला जाते," म्हणायची. बी घेऊन जायची, कधी शेवग्याच्या शेंगा घेऊन यायची. तो मात्र त्या घराची पायरी कधी चढला नव्हता. आता कोणत्या तोंडानं जायचं? ज्या बांधावर बायकोला खुरपायला जाऊ दिलं नाही, तिथं ओंजळ पसरायची?

पण वृषालीचं ते वाक्य आठवलं आणि त्यानं सायकल काढली.

रस्ताभर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. टेपरेकॉर्डरवर गाणी लावून ड्रायव्हर डुलत होते, ट्रॉलीतून ऊस ओघळत होता. काटेवाडीत पोचला तेव्हा शालन गोठ्यासमोर म्हशीला पेंड चारत होती. केस पिकलेले, डोक्यावर पदर. तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

"कोण? दाजी का?"

दाजी! सावळारामचा पाय पेडलवरच अडखळला. बहिणीच्या नवऱ्याला म्हणतात दाजी.

"व्हय. सावळाराम मी."

"वळीकते की. रंगूच्या दिवसाला आले हुते मी, तुमी मान खाली घालून बसला हुता. या, आत या. उन्हाचं का उभं ऱ्हायलाय? च्या टाकते."

चहा झाला. म्हशीच्या दुधाचा, घट्ट. सावळारामनं कप खाली ठेवला, वर उचलला, पुन्हा खाली ठेवला. शेवटी शालनच म्हणाली, "काय काम काढलंत? असं तर तुमी यायचं न्हाय."

मग त्यानं सगळं सांगितलं. वृषालीचे डोहाळे, विहीणबाईंचा निरोप, डबे, प्रेसमड. प्रेसमडापाशी आला तशी शालन पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला.

"अवो दाजी, त्यो ताजा घातलात? उकळता?"

"तुमी समदे न्हेता की रानात."

"न्हेतो. पर न्हेऊन काय करतो ते बघितलंय कधी? बांधाला ढीग मारतो, पानी मारतो, पावसाळा त्याच्या अंगावरनं जाऊ देतो. मग त्यो गार हुतो, मातीसारखा हुतो. तवा घालायचा. तुमी तर तव्यावर बी भाजलंत!"

सावळारामलाही हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं. कारखान्याच्या फाटकातून ट्रॉली बाहेर पडली, की पुढं तिचं काय होतं, हे त्यानं खरोखरच कधी पाहिलं नव्हतं.

शालन उठली, आत गेली. कोनाड्यातून एक चिंधी आणली. तीच गाठ, तीच राख. "रंगूचंच हाय. आमच्या रानात आता समदं हायब्रीड, पुण्याच्या गाड्या त्येच मागत्यात. ह्याची साल पातळ, गाडीत फुटतं. पर घरात खायला मी गोठ्यामागं चार झाडं ठेवते. घ्या."

"समदं नको. जरा ठेवा तुमच्याला."

"ठेवलंय. मी काय तुमच्यासारखी एका डावात समदं टाकनारी न्हाय."

मग तिनं त्याला गोठ्यामागं नेलं आणि दाखवलं. माती कशी हातात चुरली पाहिजे. शेणखत कसं जुनं पाहिजे, वास गेलेलं. बी नखाएवढंच खोल. पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं, पीठ मळताना शिंपडतो तसं. वर उसाचं पाचट पातळ अंथरायचं.

"आन कोंब दिसला की पाचट काढायचं, उगं बघत बसायचं न्हाय. न्हायतर उजेडासाठी माना लांबवत्यात आन पडत्यात."

"किती दिसांत दिसल?"

"थंडी हाय, वाईच उशीर लावल. तुमी दर घटकेला उकरून बघू नका म्हंजी झालं. बघाल तुमी, वळीकते मी."

निघताना तिनं गार झालेलं, काळंभोर खत गोणीत भरून सायकलच्या कॅरियरला बांधून दिलं आणि म्हणाली, "रंगू यायची तवा त्या लिंबाखाली बसायची. तुमी बसला न्हाईत."

"पुढच्या टायमाला बसंन."

ह्या खेपेला सावळारामनं फुटकी कौलं उचलली, वाफा मोकळा केला आणि त्याच्या कडेला बी टाकलं. उकरलं नाही, पण दिवसातून दहा वेळा वाकून मात्र बघितलं. आणि एका सकाळी पाचटाच्या फटीतून कोंब दिसले. मान वाकवलेले, डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं घेतलेले. त्यानं पाचट एकेक काडी करून काढलं, जसं काही झोपलेल्या पोराच्या अंगावरची वाकळ काढतोय.

रोपं बोटभर झाली. पुढची दोन पानं आली ती कातरलेली, आणि चिमटीत चुरगाळली तर रंगूबाईच्या हाताचा वास आला. होय, तोच. संध्याकाळी ती भाकरी वाढायची तेव्हा तिच्या बोटांना असा हिरवट, उग्र वास असायचा. त्याला वाटायचं राखेनं भांडी घासल्याचा असेल. इतकी वर्षं जेवला, पण वास कशाचा ते आज कळलं. तो तिथंच धुण्याच्या दगडावर बसून राहिला, पाळीची वेळ होईपर्यंत.

पानांवर काजळी बसायला लागली तेव्हा त्यानं पत्र्याची ट्रंक उघडली. रंगूबाईची लुगडी घडी घातलेली होती. हात लावायला मन होईना. मग खालचं एक विरलेलं, हिरव्या काठाचं काढलं आणि चार काठ्यांवर ताणून बांधलं. शेजारणीनं खिडकीतून बघितलं आणि हळूच खिडकी लावून घेतली.

थंडी सरली. झाडं कमरेला लागली, पिवळी फुलं आली, गळली, पुन्हा आली. फुलं गळायला लागली तेव्हा तो पुन्हा काटेवाडीला पळाला. शालन म्हणाली, "पानी कमी करा. लाडानं बुडवताय तुमी त्येंस्नी." मग फळं धरली. हिरवी, खाचाखाचांची, भोपळ्याच्या पोरांसारखी. चाळीतले लोक येऊन बघून जायचे. गेणू तर रोज पॅनवर विचारायचा, "लाल झालं का?"

"न्हाय."

"आज?"

"गेण्या, पाक बघ, लागंल खाली."

पण मनातून सावळाराम कासावीस झाला होता. पहिलं बी जाळण्यात जे दिवस गेले, ते आता नडत होते. डोहाळजेवणाचा दिवस ठरलेला, आणि फळं हिरवीगार. तो रोज फळाच्या बुडाशी बोट लावून बघायचा. कुठं पिवळसर झाक आलीय का? नाही. पाक असता तर वाफ वाढवली असती. इथं त्याच्या हातात काही नव्हतं.

डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळपासून चाळीतल्या बायका स्वयंपाकाला लागल्या. सावळारामनं घरोघर जाऊन त्यांना सांगितलं होतं. पुरणपोळ्या, कुरडया, पाच तऱ्हेच्या भाज्या. दहाच्या एसटीनं इंदापूरची माणसं आली. हिरवी साडी, हिरवा चुडा, वृषालीचं तोंड गोल झालेलं. कुशाबाई ठेंगणी, ताठ, नाकावर चष्मा. "जय भीम, इवाईदादा," म्हणाली आणि हात जोडता जोडताच तिची नजर घरभर फिरून आली. पाण्याचे हंडे, फळीवरचे डबे, कोपऱ्यातलं अंथरूण.

बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्त्या लावून वंदना झाली. वृषालीची ओटी भरली. बायकांनी डोहाळ्याची गाणी म्हटली. मग कुशाबाई म्हणाली, "सून लई सांगती, आईचा वाफा, आईचा वाफा. बघू तरी."

सगळी माणसं मागच्या दारी आली. आणि सावळारामचे डोळे विस्फारले. पुढच्या झाडाला तीन टोमॅटो लालभडक लागलेले. सकाळी तर नव्हते!  वृषाली टाळी वाजवून म्हणाली, "आबा, पिकली!"

कुशाबाई पुढं झाली. वाकली. चष्मा सारखा केला.

"इवाईदादा."

"जी?"

"तुमच्यात टंबाटी दोऱ्यावर लागत्यात व्हय?"

बघतो तर काय, देठाला पांढरा दोरा, व्यवस्थित दुहेरी गाठ मारलेली. साखरेच्या पोत्याचं तोंड शिवायचा दोरा. गर्दीच्या मागं गेणू आभाळाकडे बघत उभा होता. बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. वृषालीचा चेहरा एवढासा झाला.

सावळारामच्या तोंडापर्यंत गेणूचं नाव आलं होतं. पण बिचाऱ्यानं अब्रू राखायलाच केलं होतं ना. नाव त्यानं गिळलं.

"ती बाजारातली हायती, इनबाई," तो म्हणाला. "आमची अजून हिरवीच. हे काय, हितं आन हितं. लाल व्हायला वेळ लागंल. चूक माजी. पयलं बी मी जाळलं."

"जाळलं?"

मग तो सांगत गेला. उकळता प्रेसमड, काळे पडलेले कोंब, सायकलवरून काटेवाडी, शालनचं हसणं, पाचट, लाडानं बुडवलेली फुलं. काही झाकलं नाही, काही मीठमसाला लावला नाही. कुशाबाई धुण्याच्या दगडावर बसून ऐकत होती. तव्यावर बी भाजलं इथपर्यंत आल्यावर तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"आन समजा," ती म्हणाली, "पोरीचं लेकरू रडाय लागलं, गप्पच हुईना. तुमी काय करणार?"

"मला काय कळतंय त्यातलं? समोरच्या वयनीला इचारीन."

"तिला न्हाय कळलं तर?"

"दवाखान्यातल्या नर्सबाईला इचारीन. तुमाला फोन लावीन. न्हायतर सायकल हायच, काटेवाडीला जाईन. पर पोरीला तसं ठेवून पाळीला जाणार न्हाय. रजा मी आधीच मागितलीय."

 कुशाबाईनं संदेशकडे बघितलं. "तुझं वडील, गेलेल्या माणसाला नावं ठिवू नये, पर तू झालास तवा त्येंनी मला हिरव्या द्राक्षाचा काढा पाजला हुता. कुणाला इचारायचं न्हाय! समदं मलाच कळतंय म्हनायचं. मरता मरता वाचले मी." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "बाळंतिणीच्या घरात शानं माणूस नको. ज्येला चुकलं तर चुकलं म्हनता येतं, त्यो पायजे."

सावळारामला नीट समजलं नाही. "म्हंजी?"

"म्हंजी ऱ्हाऊ द्या तिला हितं. आजपासून. तिची पिशवी मी आनलीच हाय, गाडीतनं उतरवताना बघितली न्हाय का?" आणि जरा थांबून म्हणाली, "नववा लागला की मी बी येणार. म्हैनाभर ऱ्हाणार. जावयाच्या आईला ठेवून घेत न्हाईत, असली रीत मला सांगू नका."

"न्हाय सांगत," सावळाराम म्हणाला. त्याला हसावं का रडावं कळेना. वृषालीनं तेवढ्यात खालच्या फांदीचं एक हिरवं टोमॅटो तोडलं, पदराला पुसलं आणि कच्चंच चावलं. आंबटपणानं तिचे डोळे गच्च मिटले.

"अगं, पिकू तरी दे!"

"पिकंल तवा ते बी खाईन," ती तोंड भरलेलं असताना म्हणाली.

पिकले ते गुढीपाडव्याच्या सुमाराला. आधी बुडाशी पिवळट झाक, मग गुलाबी, मग एकाएकी सगळे लाल. पातळ सालीचे, हात लागला तर फुटतील असे. वृषालीला आता वाकवत नव्हतं. ती भिंतीला टेकून पाटावर बसली आणि सावळारामनं चूल, म्हणजे आपला रॉकेलचा स्टोव्ह, पेटवला. वर्षानुवर्षं त्यानं पाक शिजवला होता, कालवण कधी नाही.

"लसूण किती?"

"आई मूठभर घालायची. तिची मूठ लहान हुती, तुमची अर्धीच घाला."

"आन ही साल?"

"काढायची न्हाय. तशीच कुस्करा."

त्यानं टोमॅटो हातानं कुस्करले. रस मनगटापर्यंत आला. बाहेर पाळीचा भोंगा झाला, पण आज त्याची रजा होती. फोडणीत मिरची तडतडली, दोघांनाही ठसका लागला, दोघंही हसली.

"आता काय घालू?"

"आता काय न्हाय, आबा. आता बसा. उकळी येऊ द्या."

तो पोरीशेजारी जमिनीवर बसला, आणि दोघंजण पातेल्याकडे बघत राहिली.